दोन हजारांच्या खाली

मदेइराच्या डोंगरात सपाट रस्ता मागू नये.
रिबेइरा ब्रावा सोडलं की पाच मिनिटांत
समुद्र आरशात उभा राहतो,
आणि वळणं इतकी आवळलेली
की गाडीचं तोंड गाडीच्याच शेपटाला हुंगतं.

इथं तीनशे घोडे काय कामाचे
जे सगळे साडेचार हजार फेऱ्यांच्या वर बिऱ्हाड करून राहतात?
वळणातून सुटताना मी ॲक्सिलरेटर दाबते.
काही नाही.
काही नाही.
केळीच्या बागेतला माणूस मान वर करून बघतो,
पुन्हा कोयत्याला लागतो,
आणि मग येतात सगळे एकदम, वरातीमागून,
मला पुढच्या वळणाच्या भिंतीवर नेऊन घालायला.

टर्बो डेलिओनं बसवला. माझा भाऊ.
शहाळ्याएवढा, चकचकीत. बडा घर, पोकळ वासा.
बसवला, फोटो काढला, आणि जर्सीला बटाटे काढायला गेला.
गाडी मला उरली. बापही.

आमच्या बेटावर बापाला 'पाय' अशीच हाक मारतात.
पाय आता गॅरेजच्या दारात बिअरच्या क्रेटवर बसतो,
उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.
गेल्या नाताळात मेंदूत गुठळी अडकली.
चाळीस वर्षं नुसत्या आवाजावरून कार्ब्युरेटर लावणारा माणूस
"जेवलास का?"ला उत्तर देतो
तेव्हा माझी ताटं घासून झालेली असतात.

"पाय, छोटा टर्बो टाकू?"
कॉम्प्रेसर भरत राहिला, भरून बंद पडला.
शाळेची बस खाली उतरून गेली.
मी पाना उचलला.
"आधी," तो म्हणाला,
आणि मी पाना हातात धरून उभी.
"साबण."

साबणाचं पाणी केलं, नळीत हवा कोंडली,
ब्रशनं एकेका जोडावर फेस चोपडला.
इंटरकूलरच्या मागे, जिथं हात जात नाही
आणि डेलिओचा तर कधीच गेला नव्हता,
एक बुडबुडा आला. फुगला. फुटला. पुन्हा आला.
एवढ्याशा भोकातून
किती दिवस आमचा दम चालला होता.

मग केलंच सगळं.
छोटा टर्बो. वरचे चाळीस घोडे गेले, जाऊ देत,
त्यांना इथं मोकळं रान मिळालंच कधी?
नळ्या हातभर तोकड्या केल्या,
फ्लायव्हील चार किलोंनी हलकं टाकलं,
इनटेकचा कॅम दोन अंश अलीकडे.
आणि रोज रात्री लॅपटॉपवर आकडे निंदत बसले:
दोन हजारांच्या खाली कुठं ठसका लागतो,
कुठं पेट्रोल जास्त, कुठं ठिणगी उशिरा.
डेलिओला फोनवर सांगितलं.
तो एवढंच म्हणाला, "तीनशे होते ना गं."

रविवारी पहाटे पायला पट्टा बांधला,
उजवा हात उचलून मांडीवर ठेवला,
आणि एनकुमिआडाच्या घाटाला लागलो.
तिसरा गिअर, अठराशे, ओल्या लॉरेलच्या झाडीखाली
बुटातला नुसता अंगठा टेकवला
आणि गाडी, उचलली जीभ लावली टाळ्याला,
बोललीसुद्धा.
पाठ सीटला चिकटली. शेवाळलेला कठडा मागे पळाला.
दुसरं वळण. तिसरं.
कुठंच थांबून वाट बघावी लागली नाही.

वर खिंडीत इंजिन बंद केलं.
तापलेलं लोखंड टिकटिक करत होतं.
उत्तरेचा ढग कड्यावरून दक्षिणेकडे ओघळत होता.
"कशी वाटली?" मी विचारलं,
थर्मास उघडला, कॉफी ओतली,
त्याचा कप त्याच्या डाव्या हातात दिला.
ढग अर्ध्या दरीपर्यंत आला.
"अजून," तो म्हणाला.

मी माझी कॉफी संपवली.

"दोन अंश."